धोंडोपंत, धोंडिबा आणि धोंड्या

नावांवर मराठीत थोडेफार लेखन झाले आहे. ते बहुतेक व्युत्पत्तीच्या अंगाने जाते. अमुक नाव संस्कृतातून आले, तमुक आडनाव गावावरून पडले, एखादे पदावरून पडले, असे सांगितले की अभ्यासकाचे काम संपते. हे काम निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. परंतु ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या जातीच्या नावाने हाक मारली गेली, त्या समाजातल्या अभ्यासकाला एवढ्यावर थांबता येत नाही. नावाचा अर्थ शब्दकोशात सापडतो. ते नाव कोणी उच्चारले, कोणत्या रूपात उच्चारले आणि सरकारी दप्तरात कोणी व कसे उतरवून घेतले, हे शब्दकोशात सापडत नाही. आणि माणसाचा मान-अपमान नेमका तेथे ठरतो. या लेखात मी प्रामुख्याने महाराष्ट्रातील पूर्वाश्रमीच्या महार समाजाची नावे व आडनावे डोळ्यांसमोर ठेवली आहेत, कारण ती मला घरातून ठाऊक आहेत. मातंग, चर्मकार व इतर समाजांतील नावांवर त्या त्या समाजातील अभ्यासकांनी लिहावे.

सुरुवात मनूपासून करावी लागते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे. ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक असावे, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे निंदावाचक असावे, असे तो सांगतो. नावाला जोडावयाच्या शब्दातही तीच उतरंड आहे. शूद्राच्या नावापुढचा शब्द दास्य दाखविणारा हवा. स्त्रियांची नावे मात्र उच्चारायला सोपी व कानाला गोड असावीत अशी शिफारस आहे. त्यांना हाका मारण्याचे प्रसंग पुरुषांवर वारंवार येत असावेत! आणि चार वर्णांच्या बाहेर ज्यांना ठेवले त्यांचे काय? त्यांच्यासाठी नामकरणाचा नियमच नाही. दहाव्या अध्यायात त्यांची वस्ती गावाबाहेर असावी, त्यांनी प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, लोखंडाचे दागिने घालावेत, राजाने ठरविलेल्या खुणा बाळगाव्यात, असे सांगितले आहे. शूद्राला निदान वाईट नाव दिले. त्याच्याही खालच्या माणसाला नुसती खूण दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला हा ग्रंथ जाळला गेला तेव्हा त्यात बारशाचा हा कायदाही जळाला, हे आपण फारसे लक्षात घेत नाही.

येथे आपल्या तरुण कार्यकर्त्यांच्या एका समजुतीचा विचार केला पाहिजे. आपल्या पूर्वजांना कचरू, धोंडू, दगडू, उकिर्डा, भिका अशी नावे सवर्णांनी ठेवली, असे भाषणांतून सांगितले जाते. मनूचा नियम वाचल्यावर तसे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु गावगाड्यातील वस्तुस्थिती याहून गुंतागुंतीची आहे. ही नावे आपल्याच आज्या-पणज्यांनी ठेवली. दोन-तीन मुले दगावली की पुढच्या मुलाचे नाव मुद्दाम टाकाऊ ठेवायचे, म्हणजे मरणाची दृष्टी त्याच्याकडे वळणार नाही, अशी ती समजूत. मूल उकिरड्यावर ठेवायचे आणि दुसऱ्या कोणी तरी ते उचलून आणायचे. तो उकिर्डा, केरू किंवा कचरू. पदर पसरून मागून घेतला तो भिका. नाक टोचून मुलगी असल्याचे भासविले तो नथू. दगडासारखा टिकावा म्हणून दगडू आणि धोंडू. सटवाईला साकडे घातले तो सटवा, पिराला नवस केला तो पिराजी नाहीतर फकिरा.

ही चाल एकट्या महारवाड्याची नव्हती. सर्व जातींत ती होती. महारवाड्यात अशी नावे अधिक आढळतात याचे कारण सरळ आहे. तेथे मुले अधिक मरत. पाणवठा बंद, औषधपाणी नाही, बाळंतिणीच्या पोटात अन्न नाही. ज्या घरात ओळीने धोंडू, कचरू आणि भिकू अशी भावंडे आहेत, त्या घरात त्यांच्या आधी किती पाळणे रिकामे झाले असतील याचा अंदाज नावांवरूनच येतो. मला ही नावे बालमृत्यूंच्या नोंदवहीसारखी वाटतात. ज्या आईने आपल्या मुलाचे नाव कचरू ठेवले तिला मुलगा कचरा वाटत नव्हता. तो जगावा म्हणून तिच्या हाती असलेला एकमेव उपाय तिने केला होता.

मग अपमान कोठे आहे? १८५७ च्या बंडातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत होते. महर्षी कर्वे धोंडो केशव होते. धोंडा हा शब्द त्यांच्या मोठेपणाच्या वाटेत आला नाही. एकच धोंडो ब्राह्मण आळीत धोंडोपंत होतो, पाटलाच्या वाड्यात धोंडीराव होतो, कुणब्याच्या घरी धोंडिबा होतो आणि वेशीबाहेर धोंड्या होतो. शब्द तोच, फक्त प्रत्यय बदलला. वर्गात मी मुलांकडून विभक्तीचे प्रत्यय पाठ करून घेतो. गावगाड्याचे हे प्रत्यय कोणत्याही व्याकरणात छापलेले नाहीत, तरी न शिकविता प्रत्येक पोराला येत असत. पाटलाचे सात वर्षांचे पोर साठ वर्षांच्या येसकराला 'ए धोंड्या' म्हणून हाक मारी आणि म्हातारा 'जी मायबाप' म्हणून ओ देई. माझ्या आजोबांची पिढी अशीच ओ देत संपली.

नाव देवाचे असले तरी सुटका नव्हती. रामाचा राम्या, विठ्ठलाचा इठ्या, लक्ष्मणाचा लक्ष्या होई. भागीरथी ही भागी आणि रुक्मिणी ही रखमी. चोखा या शब्दाचा अर्थच शुद्ध, निर्भेळ. चौदाव्या शतकात हे नाव धारण करणारा संत पंढरीच्या देवळाबाहेर राहिला, आणि त्या देवळाची दारे अस्पृश्यांना उघडण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले; त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. सारांश, नावाच्या अर्थाने माणसाची पायरी ठरत नव्हती. आधी ठरलेल्या पायरीवरून नावाचे रूप ठरत होते.

याचा सर्वांत ठळक पुरावा 'नाक' या प्रत्ययात आहे. जुन्या कागदपत्रांत महारांची नावे सिदनाक, रायनाक, शिवनाक अशी येतात. बावन्न हक्कांच्या दंतकथेतील पुरुष अमृतनाक आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर भीमा कोरेगावला जो स्तंभ उभारला गेला, त्यावरील मृतांच्या यादीत 'नाक'कारान्त नावे २२ आहेत, आणि त्यांवरूनच ते सैनिक महार होते हे आज आपण ओळखतो. अस्पृश्यांच्या चळवळीचे आद्य पुरुष गोपाळबाबा वलंगकर यांचे पूर्ण नाव गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर. हा 'नाक' म्हणजे 'नायक' असे सामान्यतः मानले जाते. रामोशी, बेरड यांच्यात तोच शब्द 'नाईक' म्हणून राहिला; उमाजी नाईक हे नाव सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे मूळचा हा मानाचा शब्द. पुढारी, म्होरक्या असा त्याचा अर्थ. परंतु तो आपल्याला चिकटला आणि आपल्यापुरताच उरला, तेव्हा त्यातला मान गळून गेला आणि तो जातीची खूण झाला. इतका, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या शिकल्यासवरल्या माणसांनी तो टाकायला सुरुवात केली. त्याच्या जागी 'जी' आला, 'राव' आला. बाबासाहेबांच्या आजोबांचे नाव मालोजी, वडिलांचे रामजी आणि त्यांचे स्वतःचे भीमराव. तीन पिढ्यांतली ही तीन नावे आपल्या समाजाच्या इतिहासातले एक स्थित्यंतर सांगतात. पलटणीत गेलेल्या माणसाला कोणी 'या' लावून हाक मारीत नव्हते, आणि ती सवय तो गावी घेऊन येत होता.

गावाला ते कसे खपावे? महारांनी मुलांची नावे सरळ उच्चारली, स्वतःला 'राव' म्हणवून घेतले, म्हणून गावाने डोळे वटारल्याच्या आठवणी आपल्या वडीलधाऱ्यांकडे पुष्कळ आहेत. त्या लिहून घेतल्या पाहिजेत. नाव घेण्यावरून झालेल्या मारामाऱ्यांचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर जे घडले ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारही नव्हती; १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. धर्मांतराने देव्हारे गेले, मरीआई गेली, आणि त्यांच्यासोबत मरीबा, सटवा, म्हसू, खंडू ही नावेही गेली. त्यांच्या जागी सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, अशोक, महेंद्र, मिलिंद आले. मुलींत सुजाता, यशोधरा, संघमित्रा, विशाखा, प्रज्ञा, करुणा आल्या. एका पिढीत एका संपूर्ण समाजाने आपली नावे बदलावीत हे साधे काम नव्हे. त्यासाठी कोणताही फतवा निघाला नव्हता. निरक्षर बायांनी आपल्या मुलांना पाली ग्रंथांतील नावे ठेवली, आणि ती ठेवताना त्या मुलाच्या मरणाची भीती त्यांच्या मनात पहिल्यासारखी नव्हती. उकिर्डा हे नाव मृत्यूला फसविण्यासाठी होते. मिलिंद हे नाव जगायला निघालेल्या मुलाचे आहे.

मिलिंद या नावाची गंमत पाहण्यासारखी आहे. ते एका ग्रीक राजाचे, मिनँडरचे, पालीत आलेले रूप. या राजाने नागसेन भिक्खूला प्रश्नामागून प्रश्न विचारले आणि समाधान होईपर्यंत तो थांबला नाही. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावेत आणि शिक्षकाने उत्तरे द्यावीत, एवढा सबंध विचार त्या दोन नावांत आहे. राहुल या नावाचा परंपरेने सांगितलेला अर्थ मात्र 'बंधन' असा आहे. तरी ते आपल्या घराघरांत गेले, आणि पुढे सवर्णांच्या घरांतही इतके रुळले की आता राहुल, सिद्धार्थ, गौतम या नावांवरून कोणाची जात ओळखता येत नाही.

हा विजयच म्हणायचा. पण जात ओळखण्याची ज्याला गरज आहे तो स्वस्थ बसत नाही. पहिल्या नावाने दगा दिला की तो आडनावाकडे वळतो.

'आड' म्हणजे मुख्य सोडून बाजूचे. आडवाट, आडगाव, तसे आडनाव. आपल्यापैकी पुष्कळांना हे बाजूचे नाव फार उशिरा मिळाले. गावात धोंडनाक महार एवढे पुरत होते. शाळेचा मास्तर, पलटणीचा कारकून, गिरणीचा मस्टर लिहिणारा यांनी 'पुढे काय लिहू?' असे विचारले तेव्हा कोणी कुळाचे नाव सांगितले, कोणी गावाचे नाव सांगितले, कोणी काहीच सांगितले नाही आणि लिहिणाऱ्याने मनाने लिहिले. त्यामुळे सख्ख्या भावांची दोन आडनावे झालेली घरे आजही आढळतात. बाबासाहेबांचे घराणे सकपाळ. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले अंबडवे हे त्यांचे गाव. गावावरून अंबडवेकर आणि त्याचे आंबेडकर झाले. या शेवटच्या रूपामागे एका शिक्षकाचा हात होता असे चरित्रकार सांगतात. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले तेव्हा रजिस्टरात पहिले नाव 'भिवा' असे लिहिले गेले.

कांबळे, गायकवाड, जाधव, पवार, मोरे, शिंदे, साळवे ही आडनावे आपल्यात आहेत आणि यांतील बहुतेक मराठ्यांतही आहेत. याची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. एक, महारांनी ती मराठ्यांकडून उचलली. दुसरे आपल्याकडचे, आम्ही मूळचे क्षत्रिय, सोमवंशी, म्हणून कुळे तीच. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली काढलेल्या नियतकालिकाचे नाव 'सोमवंशीय मित्र' होते, यावरून त्या काळी या विचाराचे बळ लक्षात येते. त्या काळाच्या लढाईत ते हत्यार उपयोगी पडले असेल. परंतु माझ्या मते दोन्ही स्पष्टीकरणे एकाच चुकीवर उभी आहेत. आडनावाची मालकी मराठ्यांची, असे गृहीत धरूनच ती बोलतात. एक म्हणतो तुम्ही चोरले, दुसरा म्हणतो आम्हीही वाटेकरी आहोत. देवके आणि कुळे महारांतही होती. पवार हे नाव कोणाचे आधी आणि कोणाचे नंतर, याचा निवाडा करणारी कचेरी कोठे आहे?

वाईट अर्थाची आडनावे हीही आपली मिरास नाही. ढेकणे, उंदरे, आगलावे, पोटफोडे ही आडनावे निरनिराळ्या जातींत सापडतात आणि कोणाचे लग्न त्यावाचून अडत नाही. खरा भेद दुसरीकडे आहे. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, देशमुख ही वतनांची नावे. ती आडनावे झाली आणि वतने गेल्यावरही रुबाब देत राहिली. वतन आपल्यालाही होते. वेसकर, तराळ, पाडेवार ही आपल्या वतनाची कामे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. देशपांड्याने वतन गमावले, तरी नाव मिरवले. आपण वतन सोडण्यासाठीच झगडलो, मग त्याचे नाव कशाला मिरवू? शंकरराव खरातांनी १९८१ साली आपल्या आत्मचरित्राच्या नावात 'तराळ' हा शब्द ठेवला तो मिरविण्यासाठी नव्हता.

व्यवसाय बदलला की आडनाव बदलते, असेही सांगतात. जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे कटगुणचे गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला आणि ते फुले झाले. ही सोय माळ्याला होती. आपला माणूस पलटणीत सुभेदार झाला, गिरणीत जॉबर झाला, शाळेत मास्तर झाला, तरी गावच्या लेखी तो महारच होता.

आडनाव विचारण्याची आपल्याकडे एक ठरलेली पद्धत आहे. 'आडनाव काय?' 'मोरे.' 'कुठले मोरे?' गावाचे नाव सांगितले की 'गावात घर कुठल्या बाजूला?' मग 'देवक कोणते?' आणि शेवटी, फारच शिष्ट माणूस असेल तर, 'तुमच्याकडे लग्न कोणत्या पद्धतीने लावतात?' नोकरीच्या गावी घर शोधताना ही प्रश्नावली मी इतक्या वेळा सोडविली आहे की तिचा क्रम मला पाठ झाला आहे. साठे म्हटले की 'कोणते साठे?' हा प्रश्न आलाच, कारण ते आडनाव चित्पावनांत आहे आणि मातंगांतही. तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे अण्णाभाऊ, यांना जग ओळखते. तरी त्या नावाचा एखादा तरुण खोली भाड्याने मागायला गेला की प्रश्न सुटत नाही.

म्हणून आपल्यातल्या काही सुशिक्षितांनी आडनावे बदलली. प्रतिज्ञापत्र करायचे, अर्ज करायचे, मग महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात 'जुने नाव' आणि 'नवे नाव' असे छापून येते. कोणी गावाला 'कर' जोडले, कोणी वडिलांचे नाव आडनाव केले. यांच्यावर आपल्या सभांतून टीका होते; हे लोक समाजापासून पळाले असे म्हटले जाते. मला ही टीका अर्धीच पटते. जो लपतो त्याला दोष देण्याआधी त्याला कोण शोधीत आहे हे विचारले पाहिजे. मात्र दुसरी अर्धी बाजूही खरी आहे. पदवीधर माणूस आडनाव बदलून निघून जातो. जुने आडनाव शेतमजुराकडे, सफाई कामगाराकडे राहते, आणि ते आणखी हलके होते. तामिळनाडूत ही गोष्ट वेगळ्या रीतीने झाली. १९२९ साली चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातिवाचक शेपटे टाकण्याचा ठराव झाला आणि तो पुष्कळ अंशी सर्व जातींनी पाळला. तेथे आज वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावतात. सर्वांनी मिळून टाकले तर त्याला सुधारणा म्हणतात. आपण एकट्यानेच टाकायचे असेल तर ती फक्त पळवाट ठरते. महाराष्ट्रातल्या देशपांड्यांनी आणि पाटलांनी आडनाव टाकण्याची तयारी अजून दाखविलेली नाही.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा विचार फार स्पष्टपणे केला होता. हिंदू धर्मापासून दूर जाण्यासंबंधीच्या त्यांच्या एका लेखनात ते नावाचा मुद्दा घेतात. अस्पृश्य माणूस स्वतःला चोखामेळा, रविदास, वाल्मीकी असे काही म्हणवून घेतो ते संरक्षणासाठी, जसा एखादा प्राणी रंग बदलतो. परंतु हिंदूला तेवढ्याने समाधान होत नाही; जात आणि पोटजात कळेपर्यंत तो विचारीतच राहतो. म्हणून धर्म तोच ठेवून नाव बदलण्याचा उपयोग नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. दुसऱ्याने दया म्हणून दिलेल्या नावाला तर त्यांचा विरोधच होता. १९३८ साली मुंबई विधिमंडळात 'हरिजन' हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रयत्न झाला तेव्हा ते आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले.

नाव हे किती गंभीर प्रकरण आहे हे मराठवाड्याने पाहिले. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे यांना ठार मारण्यात आले. पोचम्मा ही तेलंगणाकडची ग्रामदेवता. त्या पट्ट्यात तिच्या नावावरून माणसांची नावे पडतात. जुन्या वळणाचे नाव असलेला एक माणूस एका नव्या नावासाठी मेला. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव आले, तेही 'मराठवाडा' कायम ठेवून. अलीकडे, डिसेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलेच झाले. आता पाटीवर भीमनगर येते, आणि गावात नवा माणूस आला तर भीमनगर म्हणजे कोणती वस्ती हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही. 'नाक'चे जे झाले तेच येथेही होऊ पाहत आहे.

आता शेवटचा मुद्दा, जो माझ्यापुढे दरवर्षी जून-जुलै महिन्यांत येतो. आपल्या महाविद्यालयातील मुलांना शिष्यवृत्तीसाठी, पुढच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला लागतो, मग जात पडताळणी लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. तो सहसा आजोबा-पणजोबांचा असतो. शाळेत गेलेले आजोबा असतील तर शाळेचा उतारा; नसतील तर कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल. काही नोंदी मोडीत असतात. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा ही दप्तरे पुष्कळांनी प्रथमच ऐकली. आपल्या मुलांचे त्यांच्याशी जुने नाते आहे.

या दप्तरात काय सापडते? 'कचऱ्या वल्द धोंड्या म्हार.' एवढीच ओळ. लिहिणाऱ्याने गावाच्या तोंडची हाक जशीच्या तशी कागदावर उतरविली. आता मुलाचे नाव प्रज्ञानंद, वडिलांचे नाव काशिनाथ आणि आजोबांच्या आधार कार्डावर कचरू. हा कचरू आणि तो कचऱ्या एकच, आणि आज गायकवाड लावणारे हे घर त्याच म्हाराचे, हे वंशावळीच्या प्रतिज्ञापत्राने शाबीत करावे लागते. जी हाक आम्ही तीन पिढ्या पुसत आलो, ती तहसील कचेरीत पुन्हा शिक्का मारून मागून घ्यावी लागते, आणि तो कागद फाटू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत जपावा लागतो. जुने नाव पुसले तर हक्क जातो. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत नव्हत्या, तेव्हा 'धर्म: बौद्ध' लिहावे की न लिहावे या पेचात एक सबंध पिढी अडकली होती. आजचा पेच त्याचाच धाकटा भाऊ आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना मी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. दाखल्यातले नाव शाळेत असतानाच नीट तपासा. शाळा सुटल्यावर ते बदलणे फार अवघड जाते. ज्याला नाव बदलायचे असेल त्याने राजपत्राची प्रत आणि जुन्या नावाचा कागद एकत्र ठेवावा. आणि त्या ओळीची लाज बाळगू नये. 'या' आपल्या पणजोबाने जोडलेला नाही.

दया पवारांचे मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली 'बलुतं' आले तेव्हा त्यात दगडू पवार दया पवारला आपली कहाणी सांगतो. त्यांनी दगडूला घराबाहेर काढले नाही. समोर बसवून घेतले आणि त्याचे ऐकून घेतले. आपल्या साहित्याने नावाच्या प्रश्नाचे दिलेले यापेक्षा चांगले उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

राहिल्या बाया. त्यांच्यासाठी दप्तरात 'कोम' हा शब्द आहे. अमक्याची बायको, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ नोंदींत तेही नाही. साताऱ्यात २०११ साली 'नकुशी' नाव असलेल्या २८५ मुलींना जिल्ह्यात समारंभ करून नवी नावे देण्यात आली. ती नावेही सर्व जातींतली होती. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे. यंदा मी पहिल्या वर्षाच्या मुलांना वंशावळ लिहून आणायला सांगितली, आणि त्यात आईकडच्या बायकांसाठी वेगळा रकाना ठेवला. आजोबा, पणजोबा बहुतेकांना सापडले. पणजीचे नाव चाळीसपैकी सहाजणांना मिळाले. एका मुलीने आजीला खोदून खोदून विचारले. आजी म्हणाली, 'तिला समदे निमगावकरीणच म्हणायचे, बाई. नाव असंल की काहीतरी.'